ऐप्टेशियासाठी कॉपरबँड की फाइलफिश?

नागपूरच्या धरमपेठेतल्या मित्राच्या रीफ टँकमध्ये (जिवंत कोरलच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत) ऐप्टेशिया, म्हणजे झपाट्याने पसरणारा उपद्रवी छोटा सी ॲनिमोन, माजलाय. खरवडू नकोस म्हटलं. उरलेल्या तुकड्यातून नवे उगवतात. मग ते खाणारा मासा कोणता?

कॉपरबँड बटरफ्लायफिश देखणा, लांब तोंडाने फटीतलेही टिपतो. पण २० सेंमीपर्यंत वाढतो, त्याला मोठा टँक लागतो, फेदर डस्टर (पिसांसारखे दिसणारे) किडेही खातो. खरी अडचण खाण्याची: अनेकदा फ्रोझन अन्नाला तोंडच लावत नाही आणि बिचारा उपाशी मरतो. दुकानात तो खाताना पाहिल्याशिवाय घेऊच नये. फाइलफिश लहान, मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) लवकर खायला लागतो, टँकमध्ये जन्मलेलाही मिळतो. मात्र कधीकधी कोरल कुरतडतो. ऐप्टेशिया खाईलच, अशी हमी दोघांचीही नाही.

मोठा, मुरलेला टँक असेल तर कॉपरबँड. मित्राचा छोटा आहे, त्याने फाइलफिश आणावा. झोअँथिड (बटणांसारखे छोटे कोरल) भरपूर असतील तर मात्र नको.