शाळेला बस, कार की सायकल? आमचा अनुभव

हा प्रश्न खरा पडतो तो शाळा तीन-चार किलोमीटरवर असली की. दहा किलोमीटर असेल तर सरळ बस लावा आणि एक किलोमीटर असेल तर चालत जा. आमचं अंतर नेमकं मधलं. चार वर्षांत आम्ही तिन्ही करून पाहिलं, म्हणून हे लिहायचं धाडस.

पहिलं वर्ष बसचं. बसचं मोठं सुख म्हणजे मूल एकदा चढलं की सकाळ तुमची. आपल्याला ताप असो, मीटिंग असो, शाळा चुकत नाही. सुरक्षिततेतही ती कमी नाही. अमेरिकेतल्या आकडेवारीनुसार स्कूलबसमधला प्रवास खासगी गाडीपेक्षा बराच सुरक्षित ठरतो. धोका आहे तो चढता-उतरताना, कारण बसच्या नाकासमोर उभं असलेलं लहान मूल ड्रायव्हरला दिसतच नाही. पैसे भरण्याआधी एवढंच विचारा की आपला थांबा कितवा. आमचा पहिला होता. तीन किलोमीटरवरच्या शाळेसाठी मुलगी सगळ्यांच्या घरांवरून फिरत पन्नास मिनिटं बसून राहायची.

मग कार. इथे मला जरा मन मोकळं करू द्या.

कारचा वेळ रस्त्यावर जात नाही, तो शाळेच्या गेटसमोर जातो. दार उघडणं, दप्तर, डबा, विसरलेली बाटली, परत दार. एका मुलाला उतरायला अर्धं मिनिट धरा. पुढे चाळीस गाड्या असतील आणि गेटपाशी एकाच गाडीला जागा असेल, तर वीस मिनिटं गेलीच. रस्ता कितीही रुंद करा. दहा मिनिटं लवकर निघून पाहिलं, तर गेट उघडलेलं नसायचं आणि रांग आधीच लागलेली. त्यात पुढच्या गाडीचा धूर आपल्याच गाडीत येतो. शिवाय धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पुरेसा तापल्याशिवाय नीट काम करत नाही. एवढ्याशा फेरीतला बराचसा भाग तो तापण्यातच जातो.

एके दिवशी गेटपासून तीनशे मीटरवर अडकलो होतो. मुलगी म्हणाली, "बाबा, मी इथेच उतरू का?" उतरली आणि फुटपाथने चालत गेली. मी गेटपाशी पोचलो तेव्हा वर्गाच्या खिडकीतून तिने हात केला. त्या क्षणी कार माझ्या मनातून उतरली.

ही रांग पूर्वी सगळीकडे नव्हती. १९६९ साली अमेरिकेत ५ ते १४ वयोगटातली जवळपास निम्मी मुलं चालत किंवा सायकलने शाळेत जात. २००९ पर्यंत हे प्रमाण १३ टक्क्यांवर आलं होतं. रहदारीची भीती वाटते म्हणून आपण मुलांना गाडीतून सोडतो आणि सकाळची ती रहदारी बऱ्याच अंशी आपणच असतो.

राहिली सायकल. नऊ-दहा वर्षांच्या आत मुलाला येणाऱ्या गाडीच्या वेगाचा नीट अंदाज येत नाही. त्यामुळे एकटं सोडू नका. आम्ही दोघं जातो. ती पुढे आणि मी जरा मागे, रहदारीच्या बाजूला. दप्तर पाठीवर नको, कॅरिअरला बांधा. पाठीवरच्या ओझ्याने तोल वर जातो आणि चौकात थांबताना मूल डगमगतं. उभ्या गाड्यांपासून एका दाराइतकं अंतर ठेवा आणि वळणाऱ्या ट्रकच्या शेजारी कधीच थांबू नका, हे दोन नियम तिला तोंडपाठ आहेत. हेल्मेटचं वेगळं सांगत नाही.

तोटा आहेच. सोडायला एक फेरी, आणायला दुसरी, म्हणजे मला दिवसातून चारदा तोच रस्ता. ज्यांचं ऑफिस उलट दिशेला आहे त्यांना हे जमणार नाही, आणि मग बसच बरी असं मी मोकळेपणाने म्हणेन. रस्त्यावर एखादा चौक खरोखर वाईट असेल तरीही बसच. पण सुट्टीच्या दिवशी एकदा मुलाबरोबर तो रस्ता सायकलने करून पाहा आणि मगच ठरवा. आम्हाला सतरा मिनिटं लागतात, आणि ती रोज सतराच असतात.

मुसळधार पावसात आम्हीही कार काढतो. फक्त गेटपर्यंत नेत नाही. तीनशे मीटर आधी थांबतो, ती छत्री उघडते आणि निघते.