बिटवॉर्डन की कीपासएक्ससी? पासवर्डची तिजोरी ठेवायची कुठे

पासवर्ड सांभाळणारे हे दोन्ही प्रोग्रॅम फुकट मिळतात, दोन्हींचा सोर्स कोड खुला आहे. खरा फरक तिजोरीच्या जागेचा. बिटवॉर्डन ती तुमच्याच मशीनवर कुलूपबंद करून मग सर्व्हरवर पाठवतं. कीपासएक्ससीची तिजोरी म्हणजे केडीबीएक्स प्रकारची एक फाइल. तुम्ही न्याल तिथेच ती जाते.

फोन, घरचा लॅपटॉप आणि ऑफिसचं मशीन असं तिन्हीकडे काम चालत असेल, तर सरळ बिटवॉर्डन घ्या. खातं उघडताना सर्व्हर डॉट कॉम की डॉट ईयू हे नीट बघून ठेवा. दोन्हीकडची खाती वेगळी असतात. लॉगिन करताना भलतं निवडलं की बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो. तिजोरी उघडणारा मास्टर पासवर्ड किमान 12 अक्षरांचा लागतो. खलबत्ता, तगर, रिक्षा, चौसष्ट असे एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द रोमन लिपीत जोडा आणि कागदावर लिहून कपाटात ठेवा. विसरलात तर कंपनीही तो काढून देऊ शकत नाही.

पासवर्ड दुसऱ्याच्या सर्व्हरवर नकोतच, तर कीपासएक्ससी. इथे ब्राउझरमध्ये पासवर्ड भरून देणारं एक्स्टेन्शन एकट्याने चालत नाही. आधी मूळ प्रोग्रॅम टाका, त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘ब्राउझर इंटिग्रेशन’ सुरू करून आपल्या ब्राउझरवर टिक करा, डेटाबेस म्हणजे तिजोरीची फाइल उघडा, मग एक्स्टेन्शनमधून ‘कनेक्ट’ दाबून जोडणीला नाव द्या. जोडणी होत नसेल तर बहुधा प्रोग्रॅम बंद असतो किंवा डेटाबेसला कुलूप असतं. उबुंटू लिनक्सवर स्नॅप या पॅकेज पद्धतीतून आलेला फायरफॉक्स बाहेरच्या प्रोग्रॅमशी बोलताना अडखळतो, तेही तपासा. अँड्रॉइडवर याचं ॲप नाही. कीपासडीएक्ससारखं केडीबीएक्स फाइल उघडणारं दुसरं ॲप वापरावं लागतं, आणि फाइल फोनवर नेणं, तिचा बॅकअप घेणं सगळं तुमच्याकडे. हे नियमाने होणार नसेल तर या वाटेला जाऊ नका.

‘सर्व वेबसाइटवरचा डेटा वाचणे व बदलणे’ ही परवानगी दोघंही मागतात, कारण त्याशिवाय रकाने भरता येत नाहीत. म्हणूनच एक्स्टेन्शन ब्राउझरच्या स्टोअरमधूनच, प्रकाशकाचं नाव वाचून घ्या. बँकेच्या पानावर नेहमीची नोंद सुचवली गेली नाही, तर पासवर्ड हाताने टाकण्याआधी पत्ता अक्षर न् अक्षर वाचा. पान बनावट असू शकतं.

क्रोममधले जुने पासवर्ड सीएसव्ही या साध्या मजकुराच्या फाइलमधून आणता येतात. ती फाइल कोणालाही वाचता येते, त्यामुळे आयात झाली की डाउनलोड्समधून आणि रीसायकल बिनमधूनही लगेच काढा, आणि क्रोमची पासवर्ड साठवण्याची विचारणा बंद करा.