मोटन शाळेवरील प्रदर्शन: आवर्जून पाहावे, शेवटच्या दालनासाठी वेळ राखून ठेवावा

छत्रपती संभाजीनगरच्या नागसेनवन परिसरातील एका अभ्यासिकेने अमेरिकेतील फक्त कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या एका हायस्कूलच्या इतिहासावर मांडलेले प्रदर्शन सध्या विनामूल्य पाहता येते. व्हर्जिनिया राज्यातील फार्मव्हिलचे रॉबर्ट रुसा मोटन हायस्कूल १९३९ साली १८० विद्यार्थ्यांसाठी बांधले गेले. १९५० च्या सुमारास तेथे साडेचारशेहून अधिक मुले शिकत होती आणि जादा वर्गांसाठी लाकडी सांगाड्यावर डांबरी कागद ठोकून खोपटी उभारली होती. त्या वर्गाची प्रतिकृती येथे उत्तम साधली आहे. शेगडीलगतच्या मुलाला चटके बसायचे, मागच्या बाकावरच्यांना मात्र अंगातला कोट काढता येत नसे, हे पत्र्याच्या खोलीत शिकलेल्या आपल्याकडच्या मुलांना वेगळे समजावावे लागत नाही.

२३ एप्रिल १९५१ रोजी सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सच्या पुढाकाराने मुलांनी मुख्याध्यापकांना युक्तीने शाळेबाहेर धाडले आणि सभागृहात संप पुकारला. मागणी चांगल्या इमारतीची होती. परंतु वेगळ्या शाळांच्या पद्धतीलाच आव्हान देणार असाल तरच खटला लढवू, अशी भूमिका वकील ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांनी घेतली आणि ११७ विद्यार्थ्यांच्या नावे गुदरलेला तो दावा १९५४ च्या ब्राउन निकालामागील, म्हणजे सार्वजनिक शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामागील, पाच दाव्यांपैकी एक ठरला.

ही हकिगत निकालापाशी थांबवली नाही, याबद्दल संयोजकांचे मनापासून अभिनंदन केले पाहिजे. गोऱ्या आणि काळ्या मुलांना एकत्र बसवण्यापेक्षा फार्मव्हिल ज्या प्रिन्स एडवर्ड काउंटीत (जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) येते, तिने १९५९ मध्ये सगळ्या सार्वजनिक शाळांनाच कुलूप लावले आणि ते १९६४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतरच निघाले. गोऱ्यांसाठी लगेच खासगी शाळा निघाली. कृष्णवर्णीयांपैकी काही मुले परगावी नातेवाइकांकडे गेली, तर कित्येकांचे शिक्षण कायमचे सुटले.

नेमका हाच भाग शेवटच्या अरुंद दालनात, बारीक अक्षरांत आणि अपुऱ्या उजेडात लावला आहे, हे मात्र खटकते. १९५० साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने याच शहरात सुरू केलेल्या महाविद्यालयाची कालरेषाही शेजारीच आहे, परंतु ती निव्वळ सनावळीची आहे. तेथे पहिल्या वर्षांतील विद्यार्थ्यांच्या आठवणी हव्या होत्या. नववी-दहावीचे वर्ग घेऊन येणाऱ्या शिक्षकांनी संपाचे फलक आटोपते घेऊन या दालनात अधिक वेळ थांबावे आणि मजकूर स्वतः मोठ्याने वाचून दाखवावा.