बायोसेन्सरमध्ये पीएच.डी.: जळगावातच करावी की पुण्या-मुंबईला जावे?

विश्लेषणात्मक रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून बायोसेन्सरमध्ये, म्हणजे विकर (एन्झाइम) यासारख्या जैविक घटकाच्या साहाय्याने एखादे रसायन ओळखून मोजणाऱ्या उपकरणांमध्ये, संशोधन आणि पुढे प्राध्यापकी करू पाहणाऱ्या खान्देशातील विद्यार्थ्यासमोर मुख्यतः दोन वाटा असतात. एक म्हणजे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात नोंदणी करून अमळनेर, धुळे किंवा शहाद्याच्या महाविद्यालयात शिकवत अंशकालीन पीएच.डी. करायची, दुसरी म्हणजे पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा किंवा मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था गाठून पूर्णवेळ संशोधन करायचे.

पैशाचा हिशेब सरळ आहे. सीएसआयआर-यूजीसीची जेआरएफ (कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती) मिळाल्यास २०२३पासूनच्या दरानुसार पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये मिळतात, शिवाय घरभाडे भत्ता. तासिका तत्त्वावरील मानधनाला ही निश्चिती नाही. ज्यांची अनुदानित जागा कायम झाली आहे, त्यांनी मात्र ती सोडण्याचे कारण नाही.

खरा फरक प्रयोगशाळेत पडतो. १९६२मध्ये क्लार्क आणि लायन्स यांनी ऑक्सिजन इलेक्ट्रोडजवळ ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर बसवण्याची कल्पना मांडली, तेव्हापासून हे क्षेत्र जीवरसायन आणि विद्युत्‌रसायन यांच्या सांध्यावरच उभे आहे. कापसावरील कीटकनाशकाचा अंश मोजायचा असेल, तर इलेक्ट्रोडवर ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर स्थिर करतात. ते ॲसिटिलथायोकोलिनचे विघटन करते, त्यातून सुटलेल्या थायोकोलिनच्या ऑक्सिडीकरणाचा विद्युतप्रवाह मोजला जातो, आणि ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशक विकराला निकामी करते तेव्हा प्रवाह जितका घटतो त्यावरून प्रमाण काढतात. कार्बामेट वर्गातील कीटकनाशकेही हाच परिणाम घडवतात, त्यामुळे नेमके कोणते रसायन आहे हे हा सेन्सर एकट्याने सांगू शकत नाही. यासाठी लागणारा पोटेन्शियोस्टॅट (इलेक्ट्रोडवरील विभव नियंत्रित करून प्रवाह मोजणारे उपकरण) रेणूंची रचना तपासणाऱ्या एनएमआर यंत्राच्या मानाने स्वस्त असतो आणि लहान विभागालाही परवडू शकतो. अडते ते विकरापाशी. जळगावचा मे महिना, पंचेचाळीस अंशांच्या आसपासचा पारा आणि रात्री गेलेली वीज, एवढ्याने थंडीत ठेवावे लागणाऱ्या विकराची महागडी कुपी वाया जाऊ शकते. मोठ्या संस्थेत अखंड वीजपुरवठा असतो, शेजारच्या विभागात प्रथिनांवर काम करणारे लोक असतात आणि चूक झाली तर ती दाखवून देणारे कोणीतरी दिवसभर आसपास असते.

याउलट, नमुन्यांच्या बाबतीत खान्देश सरस ठरतो. शुद्ध बफरमध्ये (आम्लता स्थिर राखणाऱ्या द्रावणात) छान चालणारा सेन्सर विहिरीच्या क्षारयुक्त पाण्यात किंवा केळीच्या अर्कात गडबडतो, आणि विश्लेषकाचे कसब तिथेच लागते: ज्ञात प्रमाण मिसळून पुनर्प्राप्ती तपासणे, एचपीएलसी या घटक वेगळे करून मोजणाऱ्या तंत्राशी निकाल ताडून पाहणे. रावेर-यावलच्या बागेतून सकाळी आणलेला नमुना जळगावात दुपारपर्यंत तपासता येतो. शोधनिबंधाच्या संख्येपेक्षा हे काम मला अधिक मोलाचे वाटते, जरी निवड समित्या नेहमी तसे मानतीलच असे नाही.

मार्गदर्शकाबाबत थोडे सावध राहावे. २०२२च्या यूजीसी नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला एका वेळी चार, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि प्राध्यापकाला आठ संशोधक घेता येतात; त्यामुळे जागा कधी रिकामी होणार हे आधीच विचारावे. कालमर्यादा साधारण तीन ते सहा वर्षांची असते, आणि शिकवणे, परीक्षा व पेपर तपासणी सांभाळून अंशकालीन संशोधकाची सहा वर्षे पाहता पाहता सरतात.

माझे मत असे की जेआरएफ हाती असेल आणि घरची जबाबदारी अडवत नसेल, तर बाहेर जावे, पण विषय खान्देशातील पाणी किंवा पिके यांचाच निवडावा. जेआरएफ नसेल, तर जळगावात नोंदणी करून बाहेरच्या संस्थेतील सहमार्गदर्शक मिळवावा आणि विकरावरचे प्रयोग त्यांच्याकडे सुट्ट्यांत उरकावेत. नोंदणीपूर्वी विभागात जाऊन पोटेन्शियोस्टॅट चालू आहे का आणि फ्रीजरला इन्व्हर्टर जोडलेला आहे का, हे स्वतः पाहून यावे.