मुठेल: टाचांना उत्तम, चेहऱ्याला नको

तळकोकणातील जुन्या घरांत स्वयंपाकघराच्या फळीवर मुठेलाचा एखादा गोळा कागदात गुंडाळून ठेवलेला आजही सापडतो. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, बियांतून निघणारे हे घट्ट तेल पिढ्यान्‌पिढ्या भेगाळलेल्या टाचांना, थंडीत फुटलेल्या ओठांना आणि काम करून खरखरीत झालेल्या हातांना लावले जात आले आहे. अलीकडे हेच मुठेल ‘कोकम बटर’ या नावाने, सुगंध घालून, देखण्या बरण्यांतून चेहऱ्याचे प्रसाधन म्हणून विकले जाऊ लागले आहे, आणि अनेक मैत्रिणी ते रोज रात्री चेहऱ्यावर चोळू लागल्या आहेत. म्हणून मी तीन प्रकारचे मुठेल विकत घेतले आणि एका पावसाळ्यापासून पुढचा उन्हाळा लागेपर्यंत वापरून पाहिले. पहिला आठवडी बाजारातील घरगुती गोळा, दुसरी महिला बचत गटाची डबी आणि तिसरी एका पर्यटनस्थळी मिळालेली ‘फेस बटर’ची बरणी. माझे मत आधीच सांगते: पायांसाठी या पदार्थाला तोड नाही, पण चेहऱ्यासाठी तो विकणे हा ग्राहक स्त्रियांवर अन्याय आहे.

पदार्थ नेमका काय आहे हे कळले की तो कुठे चालेल आणि कुठे चालणार नाही, हेही बरेचसे उलगडते. रातांबे उन्हाळ्याच्या अखेरीस पिकतात. त्यांच्या सालीची आमसुले होतात, रसाचे आगळ होते आणि उरलेल्या बिया धुऊन कडकडीत वाळवल्या जातात. घरगुती पद्धतीत या बिया फोडून, आतला गर कुटून पाण्यात उकळतात. वर आलेले तेल काढून घेतात आणि ते निवून घट्ट होऊ लागले की हाताने दाबून त्याचे लांबट गोळे करतात. बियांच्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा एवढेच तेल निघते, त्यामुळे एका गोळ्यामागे किती बिया आणि किती मेहनत लागते याचा अंदाज येईल. या तेलात निम्म्याहून अधिक स्टिअरिक आम्ल असते आणि उरलेल्यातील मोठा भाग ओलेइक आम्लाचा असतो. स्टिअरिक आम्लाच्या या प्रमाणामुळेच मुठेल सुमारे 38 ते 42 अंश सेल्सिअसला वितळते. खोबरेल साधारण 24 अंशांच्या पुढे पातळ होते, म्हणजे आपल्याकडे वर्षाचे बहुतेक महिने ते वाहतेच राहते. मुठेल मात्र मे महिन्याच्या उकाड्यातही घट्ट राहते आणि त्वचेवर लावले की लावलेल्या जागीच बसते. टाचेच्या भेगेत भरलेले तेल सकाळपर्यंत तिथेच टिकावे, ही गरज खोबरेल भागवू शकत नाही आणि मुठेल भागवते, ते या एका गुणामुळे.

घरगुती गोळा मी सावंतवाडीच्या बाजारात एका वयस्क काकींकडून घेतला. फिकट पिवळसर, जरा राखाडी झाक असलेला, वरून काकींच्या बोटांचे ठसे स्पष्ट दिसणारा असा तो गोळा होता. मी चेहऱ्याबद्दल विचारताच त्या म्हणाल्या, “ह्यां पायांक लाव गो बाय, तोंडाक नको.” ज्यांच्या घरात ही वस्तू तयार होते, त्यांचा हा सल्ला एवढा स्पष्ट असताना शहरातील जाहिरातींनी तो उलटा करावा, याचे मला वाईट वाटते. या गोळ्याचा वास किंचित धुरकट, पण खवट नव्हता. सुरीने कापताना तो मेणासारखा लवचीक न राहता ठिसूळपणे तुटला आणि तळहातावर थोडा वेळ चोळल्यावर हळूहळू विरघळून कोरडेपणाकडे झुकणारा पातळ थर राहिला. खरे मुठेल असेच वागते. हातावर बराच वेळ चोळूनही मेणचट आणि चिकट राहणाऱ्या गोळ्यात पॅराफिन मेणाची भेसळ असण्याची शंका घ्यावी. घेताच क्षणी लोण्यासारखा पाघळणारा गोळा असेल तर त्यात वनस्पती तूप किंवा दुसरे स्वस्त तेल असू शकते. घरगुती गोळ्यातील एकच उणीव म्हणजे त्यात बियांच्या गराचे बारीक कण राहतात. तो एकदा मंद आचेवर वितळवून स्वच्छ सुती कापडातून गाळून घेतला की ही अडचण दूर होते.

बचत गटाची डबी गाळीव, अधिक पांढरी आणि जवळजवळ वासरहित होती. वजन आणि पॅकिंगची तारीख नीट छापलेली होती. गुणात मला फरक जाणवला नाही. ज्यांना धुरकट वास नकोसा वाटतो त्यांनी हा पर्याय घ्यावा.

आता वापराविषयी सविस्तर सांगायला हवे, कारण मुठेलाचे यश बरेचसे लावण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे. कोरड्या टाचेवर नुसते चोळून उपयोग होत नाही. मुठेल त्वचेत पाणी घालत नाही, असलेले पाणी उडून जाऊ देत नाही. म्हणून आधी त्वचेत पाणी मुरलेले असले पाहिजे. रात्री पाय कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बुडवावेत, वजरीने हलक्या हाताने घासावेत, टिपून घ्यावेत आणि ओलसरपणा पूर्ण जायच्या आत मुठेल लावून सुती मोजे घालावेत. गोळ्याचा तुकडा वाटीत घेऊन ती वाटी गरम पाण्यात ठेवली की तो पातळ होतो. जुन्या पद्धतीत गोळा दिव्याच्या ज्योतीवर धरून गरम थेंब थेट भेगेत सोडतात. ही पद्धत सोडून द्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झालेली असते, त्यांना भाजल्याचे कळतही नाही. आणखी एक व्यवहाराची गोष्ट: मुठेल लावलेल्या पायांनी फरशीवर चालू नये. घरातील वृद्ध स्त्रियांनी तर अंथरुणावर बसल्यावरच ते लावावे, कारण गुळगुळीत टाइल्सवर पाय सटकून मांडीचे हाड मोडण्याचा धोका भेगेच्या त्रासापेक्षा कितीतरी मोठा आहे.

माझ्या जाऊबाई भातशेती करतात. लावणीपासून झोडणीपर्यंत त्यांचे पाय चिखल, जांभ्याचे दगड आणि खळ्यातील धूळ यांत असतात आणि कार्तिक उजाडला की टाचेच्या कडेची भेग इतकी खोल जाते की पाऊल टेकवताना रक्त येते. त्यांनी वर सांगितल्याप्रमाणे रोज रात्री मुठेल लावले. पहिल्या आठवड्यात भेगेच्या कडा नरम पडल्या आणि टोचणी थांबली; पुढे भेग तळापासून भरत आली आणि महिन्याभरात कडेला फक्त एक फिकट रेघ उरली. मात्र टाचेच्या मागच्या बाजूला जिथे त्वचा पिवळट, जाड आणि कडक झालेली होती, तिथे मुठेलाने फारसे काही केले नाही. तसे होणे स्वाभाविक आहे, कारण जाड झालेला केराटिनचा थर सैल करण्याची शक्ती कोणत्याही तेलात नसते. त्यासाठी युरिया असलेले मलम लागते: साधारण 10 टक्के युरिया ओलावा धरून ठेवतो आणि 20 टक्के व त्याहून अधिक प्रमाणात तो कडक थर मऊ करून सुटा करतो. आधी काही दिवस युरियाचे मलम आणि थर उतरल्यावर मुठेल, हा क्रम त्यांना सर्वांत चांगला लागू पडला. उघड्या भेगेत युरिया झोंबतो, म्हणून रक्त येणारी भेग आधी मुठेलाने बंद होऊ द्यावी.

पायांची प्रत्येक कोरडी साल म्हणजे भेगा नव्हेत, हे विसरू नये. तळव्याची त्वचा पिठासारखी सुटत असेल, खाज असेल आणि त्यातही एकाच पायाला अधिक त्रास असेल, तर बहुधा बुरशीचा संसर्ग असतो; त्यावर मुठेल लावून महिनोन्‌महिने वाट पाहणे व्यर्थ आहे. पावसात बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्यांना तर मुठेल मुळीच लावू नये, कारण तिथे गरज कोरडेपणाची असते आणि तेलाच्या थराखाली ओल कोंडली जाते. तळव्यांबरोबर तळहातांवरही जाड, लालसर चट्टे असतील तर ते सोरायसिसचे असू शकतात. अशा वेळी औषधाच्या दुकानात जाऊन ‘खाजेचे मलम’ मागण्याची आपल्याकडची सवय घातक आहे, कारण हाती पडणाऱ्या मलमात बहुतेकदा बुरशीनाशकाबरोबर तीव्र स्टेरॉइड मिसळलेले असते. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आतून पसरत राहते. केंद्र सरकारने 2018 साली अशा अनेक स्टेरॉइड मलमांचा शेड्यूल एचमध्ये समावेश केला, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरीही ती सर्रास मिळतात. मधुमेह असलेल्या स्त्रीच्या टाचेला भेग पडून आजूबाजूला लाली, सूज किंवा पू दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

तिसऱ्या बरणीविषयी मला सर्वांत जास्त बोलायचे आहे. समुद्रकिनाऱ्याच्या एका गावात, पर्यटकांसाठी मांडलेल्या दुकानात ती मिळाली. तिच्यावर ‘नैसर्गिक सनस्क्रीन’, ‘वांग घालवते’ आणि ‘मुरुमांसाठी सुरक्षित’ असे तीन दावे होते. घटकांची यादी अपुरी होती आणि उत्पादनाचा परवाना क्रमांक कुठेही नव्हता; सौंदर्यप्रसाधन म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूवर या दोन्ही गोष्टी असणे बंधनकारक आहे. वास गुलाबाचा होता, इतका उग्र की खाली मुठेल आहे की आणखी काही, हे ओळखता येऊ नये.

तिन्ही दावे टिकणारे नाहीत. मुठेलात उन्हापासून भरवशाचे संरक्षण देणारे काहीही नाही. सनस्क्रीनचा एसपीएफ, म्हणजे उन्हापासून किती संरक्षण मिळते हे दाखवणारा आकडा, प्रयोगशाळेत मोजावा लागतो. एसपीएफ 30 असलेले उत्पादन पुरेशा प्रमाणात लावले तर सुमारे 97 टक्के यूव्हीबी (त्वचा भाजणारे अतिनील) किरण अडवते आणि तोही परिणाम दर दोन तासांनी पुन्हा लावल्यासच राहतो. किनाऱ्यावर कोरडी वाळू साधारण 15 टक्के आणि समुद्राचा फेस साधारण 25 टक्के अतिनील किरण परतवतो, म्हणजे छत्रीखाली उभ्या असलेल्या बाईच्या चेहऱ्यावरही ऊन खालून येत असते. अशा ठिकाणी एसपीएफचा आकडाच नसलेली बरणी सनस्क्रीन म्हणून विकणे मला अक्षम्य वाटते. वांगाच्या बाबतीत तर नुकसान दुहेरी आहे. वांग ऊन, संप्रेरके, गर्भारपण आणि आनुवंशिकता यांनी वाढतो, आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत डोळ्यांना दिसणारा प्रकाशही तो गडद करतो; म्हणून त्वचारोगतज्ज्ञ आयर्न ऑक्साइड असलेले, रंगछटेचे सनस्क्रीन सुचवतात. बरणीवर विसंबून सनस्क्रीन सोडून देणारी स्त्री आपला वांग स्वतःच्या हाताने गडद करत असते.

मुरुमांचा दावा आपल्या हवेत विशेष चुकीचा आहे. दमट उकाड्यात चेहऱ्यावर, पाठीवर आणि छातीवर घामाबरोबर तेलही भरपूर सुटते. मालासेझिया नावाची बुरशी सर्वांच्याच त्वचेवर असते आणि ती स्निग्धाम्लांवर जगते. शिबे तिच्यामुळेच येतात आणि कपाळावर किंवा पाठीवर एकसारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या बारीक पुटकुळ्याही. मुठेलातील स्टिअरिक आणि ओलेइक ही दोन्ही आम्ले तिचे खाद्य आहेत. ‘नॉन-कोमेडोजेनिक’ (त्वचेची छिद्रे न बुजवणारे) हा शब्द वाचून निश्चिंत होऊ नये, कारण त्यासाठी सर्वमान्य अशी एकच प्रमाणित चाचणी अस्तित्वात नाही. माझ्या भाचीने ही बरणी काही रात्री कपाळावर वापरली, आणि केसांच्या रेषेलगत अशाच पुटकुळ्यांची रांग उठली. वापर थांबवून साधा फेसवॉश आणि पातळ जेल मॉइश्चरायझर सुरू केल्यावर, डॉक्टरांनी दिलेल्या बुरशीनाशकाने ती गेली. ज्यांची त्वचा अगदी कोरडी आहे, त्यांनी थंडीत गालांवर अगदी थोडे लावून पाहिले तर हरकत नाही, पण आधी कोपराच्या आतल्या बाजूस काही दिवस लावून पाहावे.

ओठांना मात्र निर्धास्त लावावे. मासळी आणि कोळंबी साफ करून, भांडी घासून ज्यांच्या बोटांची पेरे फुटतात, त्यांनी हात धुतल्यावर लगेच लावावे. नारळाच्या तेलापेक्षा ते जास्त वेळ टिकते. गर्भारपणात पोटाच्या ताणलेल्या त्वचेची खाज त्याने शमते, परंतु ताणाचे वळ उमटायचे थांबतात असा समज मनात ठेवू नये. तसे कोणत्याही मलमाने खात्रीने होत नाही.

किमतीचे म्हणाल तर बाजारातील गोळा तिन्हींत सर्वांत स्वस्त पडला आणि एकटीला थंडीचा सगळा मोसम पुरला. बरणीची किंमत त्याच्या कित्येक पट होती आणि त्यात मुठेल किती, हे शेवटपर्यंत कळले नाही. गोळा घेताना नखाने थोडा खरवडून वास घ्यावा, खवट वाटल्यास परत द्यावा; घरी आणल्यावर गाळून, कोरड्या स्टीलच्या डब्यात, चुलीपासून आणि उन्हापासून दूर ठेवावा आणि ओल्या बोटांनी काढू नये. वर्षभराचा साठा एकदम घेण्यापेक्षा दिवाळीच्या सुमारास, टाचा फुटायला लागण्याआधी, एक ताजा गोळा घ्यावा.