मिनी ट्रॅक्टरला मागचे दिवे: हॅलोजन की एलईडी?

द्राक्षबागेत रात्री ब्लोअर (ट्रॅक्टरमागचं फवारणीचं यंत्र) चालवायचा तर मागे उजेड हवाच. हॅलोजन स्वस्त, बल्ब गेला तर गावातल्या दुकानातही मिळतो. पण खरा प्रश्न विजेचा आहे. १२ व्होल्टवर ५५ वॅटचा एक हॅलोजन साधारण साडेचार अँपिअर ओढतो, म्हणजे दोन दिव्यांना नऊच्या वर. लहान ट्रॅक्टरचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज करणारा भाग, आधीच बेताचा. त्यात इंजिन मंद चालू असलं की बॅटरी उतरायला लागते. १८ वॅटचे दोन एलईडी मिळून तीन अँपिअरमध्ये भागतात. शिवाय धक्क्यांनी तुटायला त्यांत फिलामेंटच नसते.

एलईडीची खोड एकच: आतला दिवा गेला की बहुधा अख्खा डबा बदलावा लागतो. आणि पांढराशुभ्र प्रकाश फवाऱ्याच्या धुक्यावर आदळून डोळ्यांत येतो. तिथे हॅलोजनचा पिवळसर उजेड मला बरा वाटतो. तरी मी एलईडीच घेईन, पसरट झोताचा, खाली वळवून.

दोन्हींपैकी काहीही बसवा, फ्यूज बॅटरीजवळ हवाच. हॅलोजनला रिलेही (दिव्यांचा जास्त प्रवाह स्विचऐवजी स्वतःवर घेणारा भाग) लावा, नाहीतर स्विच तापतो. रस्त्यावर आलात की हे कामाचे दिवे बंद (लाल टेललाइट नव्हे). मागच्याचे डोळे दिपतात.