सिएरा मॅचकिंग १६८ ग्रेन हरणाच्या शिकारीला चालते का?

मॅचकिंग ही सिएरा कंपनीची नेमबाजीच्या स्पर्धेसाठीची रायफलची गोळी; १६८ ग्रेन हे तिचं वजन. तिच्या खोक्यातली एक गोळी चिमटीत धरून टोकाकडून बघा. बारीकसं भोक दिसेल, टाचणीचं टोक जेमतेम शिरेल एवढं. दुकानाच्या यादीत हिला 'हॉलो पॉइंट बोट-टेल' (टोकाला पोकळ, बुडाकडे निमुळती) म्हणतात आणि सगळा घोटाळा या नावापासून सुरू होतो. हॉलो पॉइंट म्हटलं की माणूस धरून चालतो, ही अंगात शिरली की फुलणार. मॅचकिंगचं भोक त्या कामासाठी ठेवलेलंच नाही.

गोळी कशी बनते ते बघितलं की उलगडा होतो. तांब्याच्या मिश्रधातूची छोटी वाटी ओढून लांब करतात, बूड बंद ठेवतात, वरून शिशाचा गाभा ठासतात आणि मग तोंड चेपत निमुळतं करत नेतात. चेपून झाल्यावर जे उरतं ते हे भोक. या पद्धतीत बूड सलग आणि एकसारखं राहतं. गोळी नळीच्या तोंडातून सुटते त्या क्षणी मागचा वायू बुडाच्या कडेनं चहूबाजूंनी सारखा निसटावा लागतो, तो इथे निसटतो. नेमबाजीतली अचूकता मुख्यतः या बुडात आहे. टोकाकडे मात्र शिसं पोचतच नाही, भोकाखाली नुसती पोकळी असते.

१६८ ग्रेनची ही गोळी ३०० मीटरच्या स्पर्धेसाठी घडवलेली आहे आणि त्या कामात ती अजूनही अव्वल आहे. .३०८ विंचेस्टर काडतुसाच्या चांगल्या रायफलमधून १०० यार्डांवर पाच गोळ्या अर्ध्या-पाऊण इंचात बसवणं तिला जड नाही. हजार यार्डांच्या आसपास वेग आवाजाच्या वेगाजवळ उतरला की ती डगमगते, तिथे १७५ ग्रेनची बहीण बरी. कागदी निशाणासाठी घेत असाल तर डोळे झाकून घ्या.

हरणासाठी घेऊ नका. सिएरा स्वतःच सांगते की बहुतेक शिकारीसाठी मॅचकिंगची शिफारस नाही. याला एक मोठा पुरावा लष्कराकडचा आहे. अंगात फुलणाऱ्या गोळ्या युद्धात वापरू नयेत असं १८९९ च्या हेग जाहीरनाम्यानं ठरवलं (कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यावरून ज्यांना दमदम गोळ्या म्हणतात, त्या याच). १९९० मध्ये अमेरिकी लष्कराच्या कायदा विभागानं मॅच गोळी लष्करी नेमबाजांना वापरू दिली, ती याच मुद्द्यावर: टोकाचं भोक फुलण्यासाठी ठेवलेलं नाही, ते अचूकतेसाठीच्या घडणीतून आलं आहे. ज्या गुणावर लष्करानं ती मान्य केली, तोच गुण शिकाऱ्याच्या आड येतो.

प्रत्यक्षात काय होतं? ती कधीच काम करत नाही असं नाही. अनेकदा हरीण जागेवर पडतं, आणि म्हणूनच लोक फसतात. अडचण अशी की पुढची गोळी तसंच वागेल याची खात्री नसते. टोक चेपून बंद झालं तर गोळी फासळ्यांमधून सरळ आरपार जाते. आत जाताना आणि बाहेर पडताना बोरूच्या जाडीचं भोक, फुप्फुसाला अरुंद छेद, जमिनीवर रक्त नावाला. असं हरीण खूप लांब पळू शकतं आणि माग काढायला काहीच सापडत नाही. याउलट जवळून, वेग सेकंदाला २५०० फुटांच्या वर असताना, खांद्याच्या हाडावर बसली तर कवच फाटून गाभा विखुरतो. वर मोठी जखम होते आणि फुप्फुसापर्यंत पुरेसं वजन पोचत नाही. तिसरा प्रकार म्हणजे गोळी आत आडवी होऊन मोडते. मग नासाडी भरपूर होते, पण ती कुठे आणि किती खोल होईल ते सांगता येत नाही. शिशाचे कणही मांसात दूरवर पसरतात. तेव्हा जखमेभोवतीचं मांस हात राखून न कापता सढळ हातानं काढून टाकावं.

आता अचूकतेचा हिशोब मांडू, कारण मॅच गोळीच्या बाजूनं सगळ्यांचा युक्तिवाद तोच असतो. अमेरिकेतल्या व्हाइटटेल हरणाचं हृदय-फुप्फुसाचं क्षेत्र साधारण ८ इंच व्यासाचं धरतात. ३०० यार्डांवर अर्ध्या मिनिटाची रायफल (मिनिट हे कोनाचं माप, १०० यार्डांवर साधारण एक इंच) दीड इंचात मारते आणि एका मिनिटाची तीन इंचांत. दोन्ही ८ इंचांत आरामात बसतात. मधल्या दीड इंचासाठी फुलण्याची खात्री सोडायची, हा सौदा मला कुठूनही पटत नाही.

सिएराचीच गेमकिंग १६५ ग्रेन, सॉफ्ट पॉइंट बोट-टेल, शेजारी ठेवून बघा. टोकाला शिसं उघडं दिसतं, धक्का बसताच फुलणं तिथून सुरू होतं, आणि कवच शिकारीच्या हिशोबानं बेतलेलं असतं. हवा कापण्यात ती मॅचकिंगपेक्षा थोडी मागे पडते, पण ३०० यार्डांपर्यंत खाली येण्यातला फरक जेमतेम इंचभराचा आहे. एल्कसारखं मोठं जनावर असेल तर नॉस्लर कंपनीची पार्टिशन गोळी घ्या. १९४८ पासून बाजारात आहे. आत तांब्याची आडवी भिंत असल्यामुळे पुढचा भाग फुलतो आणि मागचा शाबूत राहून खोल जातो.

नव्या गोळ्यांत नावांचा गोंधळ आणखी वाढलाय. हॉर्नाडी कंपनीची ईएलडी मॅच आणि ईएलडी-एक्स दिसायला जुळ्या बहिणी, दोघींना प्लास्टिकचं टोक. शिकारीची आहे ती एक्स, कारण तिच्या कवचाला आतून कडं आहे आणि ते गाभा धरून ठेवतं. बर्जर कंपनीत उलटा प्रकार: तिच्या टार्गेट गोळीचं कवच जाड असतं, लागोपाठ गोळ्या झाडताना तापलेल्या नळीत टिकावं म्हणून, आणि हंटिंग गोळीचं पातळ. बर्जर हंटिंग दोन-तीन इंच आत जाऊन मग फुटते, तीही वेग सेकंदाला किमान १८०० फूट असेल तरच. सिएराच्या टिप्ड मॅचकिंगनं हरणं मारणारे आहेत. प्लास्टिकच्या टोकामुळे ती साध्या मॅचकिंगपेक्षा जास्त भरवशानं उघडते, हे खरं. तरी हाड मध्ये आलं की तिचीही खात्री मी देणार नाही.

कायदाही बघावा लागतो. पेनसिल्व्हेनियात मोठ्या जनावरासाठी गोळी पूर्ण शिशाची किंवा फुलण्यासाठी बनवलेली असावी लागते. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी चालतच नाही. तेव्हा बे एरियातल्या मराठी मंडळींसाठी मॅचकिंग आणि गेमकिंग दोन्ही बाद, बार्न्सच्या टीएसएक्ससारखी पूर्ण तांब्याची गोळी घ्यावी लागेल. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारच बंद आहे, तिथे ही चर्चा रेंजपुरतीच.

गोळी बदलली की स्कोपचा नेम पुन्हा जुळवून घ्या. वजन तीनच ग्रेननं वेगळं असलं तरी मार दोन इंच सरकू शकतो. थंड नळीतून तीन-तीन गोळ्यांचे दोन गट मारा आणि १०० यार्डांवर मार दोन इंच वर ठेवा, म्हणजे २०० ला नेम बरोबर बसतो. काडतुसं घरी भरत असाल तर मॅचकिंगचं दारूचं माप गेमकिंगला लावू नका. गोळी नळीच्या आतल्या आट्यांना टेकेल ती काडतुसाची लांबी वेगळी असते आणि दाब बदलतो. काडतुसं भरण्याच्या पुस्तकातल्या सुरुवातीच्या मापापासून चढत जा.

मॅचकिंगचं उरलेलं खोकं सरावासाठी ठेवा, पण शिकारीच्या काडतुसांच्या बुडावर मार्करनं रंग लावा आणि ती वेगळ्या डबीत भरा. मॅगझिनमध्ये चढल्यावर पहाटेच्या अंधारात दोन्ही सारखीच दिसतात.